उजव्या काठची भिंत

पुणे,
८ जून १९६४

नरसिंहराव अण्णांना उपेंद्रचा नमस्कार.

पुण्याला येऊन पंधरा दिवस झाले. दोन वर्षं तुमच्या माडीवर राहिलो, तुंगाबाई अक्कांच्या हातचं जेवलो, त्यामुळे इथल्या खाणावळीचं अन्न घशाखाली उतरत नाही. त्यांना एवढं जरूर सांगा.

ऑफिसने मला वर्षभरासाठी इथे कशाला पाठवलं, असं तुम्ही स्टेशनवर विचारलंत आणि गाडी सुटली. आता सांगतो. तुमच्या गल्लीच्या वरच्या अंगाला जे तळं आहे, ते बुजवून तिथे घरांचं नवं लेआउट होतं आहे. आजवर मोठा पाऊस झाला की पाणी आधी त्या तळ्यात थांबायचं आणि मग सावकाश तुमच्या घरामागच्या नाल्यात उतरायचं. तळं गेलं की सगळं पाणी एकदम नाल्यात येणार. किती येणार, किती वेळात येणार, नाला कुठे उतू जाणार, हे पाऊस पडायच्या आधी गणिताने काढायचं, हे माझं काम. कागदावर एका टोकाला पाऊस घालायचा आणि दुसऱ्या टोकाला पाणी दर पाव तासाला कुठवर चढतं त्याची रेघ काढायची. इथले आमचे साहेब त्याला ‘कागदावरचा नाला’ म्हणतात.

पण कागदावरचा नाला खऱ्यासारखा वागतो की नाही, हे पडताळायला खरे आकडे लागतात. तुमच्या गच्चीवर मी पाऊस मोजायचं भांडं बसवलं आहे आणि पुलाजवळ खांब रोवून त्यावर फुटांच्या खुणा रंगवल्या आहेत. मोठा पाऊस आला की दोन्ही दर पाव तासाला वाचून, वेळ घालून मला पाठवाल का? फौजेचे गणवेश शिवताना तुम्ही पाव इंच इकडचा तिकडे होऊ देत नाही. ऑफिसच्या माणसांपेक्षा माझा तुमच्यावर भरवसा जास्त आहे.

त्रिविक्रमला आशीर्वाद. दुकान आता तोच बघतो ना?

तुमचा,
उपेंद्र

बंगळूर,
११ जुलै १९६४

उपेंद्रराव,

आकडे वेगळ्या कागदावर आहेत. शेवटचे तीन रकाने कोरे दिसतील. ते का, तेवढं सांगतो.

३० तारखेला दुपारी पाऊस लागला. मी गच्चीवर भांड्यापाशी, त्रिविक्रम पुलावर खांबापाशी. तळं भरणाऱ्या कंत्राटदाराची चार माणसं आली. “हे मोजून कोणाला पाठवतोस?” म्हणाली. त्रिविक्रम म्हणाला, “सरकारी खांब आहे, हात लावू नका.” त्यांनी खांब उपटायला घेतला तसा तो आडवा गेला. मग त्यांनी खांब सोडला आणि त्याला धरला. दोघांनी खांदे दाबले, एकाने त्याचा उजवा हात पुलाच्या कठड्यावर ताणून धरला आणि चौथ्याने दगड घेतला. मला गच्चीवरून सगळं दिसत होतं, उपेंद्रराव. मी जिना उतरून, गल्ली ओलांडून पोचेपर्यंत त्यांनी सात-आठ वेळा दगड मारला होता. एकजण माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, “आता शिव म्हणावं कोट.” जाताना त्यांनी खांबही उपटून टाकला.

डॉक्टरांनी दोन बोटं काढली. तिसरं आहे, पण वळत नाही. कातर धरायचा हात होता तो.

चौकीवर गेलो. लिहून घेणारा म्हणाला, “पावसात घसरला असेल, अण्णा, स्वल्प, जरा नीट आठवा.” मी म्हटलं, सरी, बरं, आणि घरी आलो.

त्रिविक्रम अकरा दिवस बोललेला नाही. काल उठला, डाव्या हाताने पहार घेतली आणि तो खांब परत रोवून आला. आकडे पाठवत राहीन. तुमचं गणित काय म्हणतं ते मात्र लपवू नका.

नरसिंहराव

पुणे,
२० जुलै १९६४

अण्णा,

तुमचं पत्र मिळालं. तो खांब मी लावला होता. दगड माझ्यासाठी होता, तो त्रिविक्रमने झेलला. मी इथून ऑफिसला तीन पानं लिहिली. उत्तर आलं की तक्रार संबंधितांकडे पाठवली आहे. संबंधित म्हणजे कोण ते तुम्ही ओळखलंच असेल.

लपवू नका म्हणालात म्हणून लिहितो. तुमचे आकडे घालून गणित जमलं. तळं आता निम्म्याहून जास्त भरलेलं आहे. दीड तासात तीन इंच पाऊस पडला, आणि बंगळूरला ऑक्टोबरात तो पडतोच, तर पुलापाशी पाणी साडेअकरा फुटांवर जाईल. तुमच्या बाजूचा काठ अकरा फुटांवर आहे. गल्लीला उतार आहे, खालच्या टोकाच्या घरांत पुरुषभर पाणी शिरेल. पाऊस ऐन भरात आल्यापासून फार तर चाळीस मिनिटं मिळतील.

राग याचा येतो की हे टाळणं अवघड नाही. उजव्या काठची दगडी भिंत वीटभट्टीवाल्याने चढवून ठेवली आहे, म्हणून सगळा मार तुमच्या बाजूला येतो. ती भिंत एका ठिकाणी जरी चार-पाच फूट खाली असती, तर पाणी पलीकडे पसरलं असतं आणि तुमच्या उंबऱ्याला थेंब लागला नसता. मी कागदावर ती खाली करून पाहिली. रेघ झपकन खाली येते. कोणीतरी ऑफिसात हे मोठ्याने म्हणायला हवं, आणि ज्यांनी म्हणायचं ते तर त्या कंत्राटदाराच्या मांडीला मांडी लावून बसतात.

त्रिविक्रमला सांगा, मी विसरणार नाही.

उपेंद्र

बंगळूर,
२ ऑगस्ट १९६४

उपेंद्रराव,

पत्र पोचलं. उजवी भिंत नेमकी कुठे खाली हवी? किती रुंद? किती थर? स्वल्प नीट लिहा. गल्लीतले लोक अर्ज करू म्हणतात.

त्रिविक्रम बरा आहे. बोलतो आता.

नरसिंहराव

पुणे,
११ ऑगस्ट १९६४

अण्णा,

अर्ज करताय हे फार चांगलं केलंत. शंभर सह्या झाल्या तर ऑफिसला उत्तर द्यावंच लागेल.

सोबत नकाशा काढून पाठवतो, तो अर्जाला जोडा. पुलापासून वर दीडशे फुटांवर नाला वळतो, तिथे चिंच आहे. त्या वळणावर पाणी भिंतीला आपटतं. तिथेच, तीस फूट रुंद, वरून तीन-चार थर. वरचे थर कच्च्या चुन्यात आहेत, मी ६१ साली मोजणी केली तेव्हा पाहिलं होतं. तेवढं निघालं तर पाणी आपणच बाकीची वाट करील. पलीकडे वीटभट्टीचे मातीचे जुने खड्डे आहेत. माणूस राहत नाही. त्यामुळे कोणाची हरकत यायचं कारण नाही.

अक्कांनी पाठवलेली चटणीपूड मिळाली. दोन दिवसांत संपली.

उपेंद्र

बंगळूर,
१९ ऑक्टोबर १९६४

उपेंद्रराव,

१४ तारखेला, बुधवारी, तुम्ही म्हणाला होता तो पाऊस आला. आकडे: तीन वाजता सहा फूट, साडेतीनला आठ, पावणेचारला नऊ, चारला साडेदहा, सव्वाचारला साडेपाच, साडेचारला पाच. पाऊस एकूण तीन इंच आणि वर थोडा. भांडं मी वाचलं, खांबही मीच वाचला.

गल्ली वाचली. कोणाच्या घरात पाणी नाही. देवाची कृपा.

पलीकडची काही माणसं गेली. एवढा पाऊस, त्याला कोण काय करणार.

त्रिविक्रमला आनेकलला पाठवलं आहे, त्याच्या मामाकडे, विठोजीकडे. हवापालट. हात अजून दुखतो त्याचा.

आता खांब वाचायचं काम दुसऱ्या कोणाला द्या. माझे डोळे साथ देत नाहीत.

नरसिंहराव

पुणे,
२७ ऑक्टोबर १९६४

अण्णा,

हे पत्र मी चारदा लिहिलं आणि फाडलं.

तुमचा पाऊस मी कागदावरच्या नाल्यात घातला. चार वाजेपर्यंत माझी रेघ आणि तुमचे आकडे हातात हात घालून चालतात. सव्वाचारला माझी रेघ साडेअकरावर जाते आणि तुमचा खांब साडेपाच दाखवतो. भर पावसात पंधरा मिनिटांत पाच फूट पाणी उतरत नाही, अण्णा. मी आधी माझी चूक शोधली. दोन दिवस शोधली. मग उजवी भिंत चिंचेजवळ तीस फूट उघडी केली, वेळ घातली चार वाजून पाच मिनिटं, आणि गणित पुन्हा केलं. माझी रेघ तुमच्या आकड्यांवर जशीच्या तशी बसली.

परवा इथल्या इंग्रजी पेपरात चार ओळी आल्या. बंगळुरात पावसाने नाल्याची भिंत कोसळली, मजूरवस्तीतली सतरा माणसं बुडाली, नऊ मुलं. त्या खड्ड्यांत वस्ती कुठून आली? माझ्या नकाशात तिथे काही नाही.

पावसाने भिंत कोसळते तेव्हा ती कुठेही कोसळते. मी खूण केली तिथेच, तेवढीच रुंद कोसळत नाही. मला खरं सांगा.

उपेंद्र

बंगळूर,
५ नोव्हेंबर १९६४

उपेंद्रराव,

खरं हवं आहे, तर घ्या.

तुमच्या पत्रात होतं, तिथे माणूस राहत नाही. मला माहीत होतं, राहतात. दोन वर्षांपूर्वी दगडखाणीतून उठवलेले लोक तिथे आले. साठ-सत्तर झोपड्या. आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, त्यांच्या बायका आमच्याच नळावर येत. तरी मी देवळाच्या ओट्यावर लोकांना तुमचं पत्र वाचून दाखवलं तेव्हा ते वाक्य दोनदा वाचलं. सरकारी इंजिनियर लिहितो तिथे कोणी नाही. म्हणजे नाही. कोणी काही बोललं नाही. अर्जाचा कागद कोणी आणलाच नाही.

त्रिविक्रम म्हणायचा, माझा हात ठेचणारे चौघे त्याच वस्तीतले. मला तशी खात्री नव्हती. पण तो परत बोलायला लागला होता, आणि याच एका गोष्टीवर बोलायचा. मी त्याला थांबवलं नाही.

बुधवारी साडेतीनला आम्ही सहाजण निघालो. पहारी, टिकाव. गल्लीतून मी, त्रिविक्रम, रघुजी, खंडोजी आणि आणखी दोघं, त्यांची नावं लिहीत नाही. पूल ओलांडला तेव्हा पाणी कठड्याला लागायला दोन हात उरलं होतं. चिंचेपाशी भिंत हादरत होती, पायाला कळत होतं. आम्ही भिंतीवर दोन टोकांना उभे राहून वरचे थर काढायला लागलो. तुम्ही लिहिलं होतं तसंच, कच्चा चुना. हाताने निघत होते दगड. मधे पावणेचारचा आणि चारचा खांब मी तिथूनच वाचला, खुणा दिसत होत्या.

तेवढ्यात वस्तीतून एकजण धावत वर चढला. मुनियप्पा. वीटभट्टीवर काम करायचा, मी त्याला ओळखत होतो, त्याच्या मुलींची परकर-पोलकी मीच शिवली होती. त्याला कळलं आम्ही काय करतोय. “बेडा अण्णा, बेडा, नको, मुलं आहेत खाली,” असं ओरडत तो उरलेल्या दगडांवर आडवाच झाला. दोन्ही हात पसरून. त्रिविक्रमने डाव्या हाताने पहार उचलली आणि घातली. आवाज दगडावर पहार बसावी तसाच आला, म्हणून क्षणभर मला कळलंच नाही कुठे बसली. मग त्याचं रक्त पावसाबरोबर चुन्यात उतरायला लागलं. तो अजून दगड धरून होता. त्रिविक्रमने पुन्हा घातली. खंडोजी रडायला लागला. मी मुनियप्पाला बाजूला ओढला.

नाही. बाजूला ओढला नाही, मी त्याला पाण्यात ढकलला.

मग शेवटचा थर निघाला आणि भिंत गेली. तोफेसारखा आवाज. आम्ही मागे उडी मारली, रघुजीचा पाय दगडाखाली आला, त्याला ओढत पुलावर आणला. पुलावरून मी बघितलं, लाल पाणी खड्ड्यांत उतरत होतं. पुढच्या झोपड्या कागदासारख्या उचलल्या गेल्या. मागच्या काही वेळ उभ्या होत्या. आम्ही बघत उभे राहिलो नाही. घरी आलो. पूल सोडताना सव्वाचार झाले होते, मी खांबावरचा आकडा लिहिला. का लिहिला ते मला सांगता येत नाही. सवय.

तिसऱ्या दिवशी वस्तीतले लोक गल्लीत आले. काठ्या, कोयते. त्यांच्याकडे पुरावा नव्हता, पण डोळे होते. माझ्या दुकानाला आग लावली, सगळी मशीनं जळाली. रघुजीच्या भावाच्या पाठीत कोयता घातला, तो अजून इस्पितळात आहे. आमच्या लोकांनी त्यांचा एक म्हातारा विहिरीजवळ गाठून मारला. आता पोलीस बसले आहेत दोन्ही टोकांना.

चौकशीला अधिकारी नेमला आहे. तो म्हणतो, पावसाने भिंत पडली. तेच राहू द्या. तुमचा रेघांचा कागद जाळून टाका. तुमची दोन्ही पत्रं आणि नकाशा माझ्या पेटीत आहेत. नकाशावर तुमचं अक्षर आहे, “इथे तीस फूट” असं लिहिलेलं. तुम्ही कागद जाळला की मी ती जाळतो. माझा एकच मुलगा आहे, उपेंद्रराव. आणि तुमची नोकरी आहे, उभं आयुष्य पुढे आहे.

नरसिंहराव

पुणे,
१६ नोव्हेंबर १९६४

अण्णा,

कागद जाळला नाही.

तुमचं पत्र आल्यावर तीन दिवस मी खरंच काडेपेटी खिशात घेऊन फिरलो. तुम्हाला घाबरून नाही, स्वतःला वाचवायला. मग ज्या नकाशावरून काम केलं तो पुन्हा उघडला. उजव्या काठापलीकडचा भाग कोरा आहे. मी ६१ साली तिकडे गेलोच नव्हतो, काठावरून पाहिलं आणि कोरा सोडला. कोरा म्हणजे रिकामा, असं तीन वर्षं समजून चाललो. नळावरच्या त्या बायका माडीवरून मलाही दिसायच्या, कुठून येतात ते कधी विचारलं नाही. तुमच्या गल्लीतला एकेक उंबरा मी मोजला, कारण मी तिथे जेवत होतो.

आणि तुम्ही भिंतीची रुंदी विचारलीत, थर विचारलेत, तेव्हाच मला कळायला हवं होतं. अर्जाला थर लागत नाहीत. मला वाटतं कळलंही होतं. त्रिविक्रमच्या हाताचा राग माझ्याही डोक्यात होता. मी नकाशा काढायला बसलो तेव्हा मला बरं वाटत होतं.

मी दोन्ही रेघा, तुमचे आकडे आणि माझा जबाब चौकशी अधिकाऱ्यांना रजिस्टर टपालाने पाठवले आहेत. जागा आणि रुंदी मी लिहून दिली, हे त्यात पहिल्या ओळीत आहे. तळं भरणाऱ्यांबद्दल आणि त्या दिवशीच्या दगडाबद्दलही लिहिलं आहे, पण ते नंतर. तुमचं शेवटचं पत्र पाठवलेलं नाही. ते तुमचं आहे, तुम्ही सांगायचं. माझी पत्रं जाळायची असली तर जाळा, मला त्यातला शब्द न् शब्द पाठ आहे.

त्रिविक्रमला घेऊन स्वतः हजर व्हा. त्याला कोणी शोधून काढायच्या आत.

उपेंद्र

बंगळूर,
६ डिसेंबर १९६४

उपेंद्र,

मी तुंगाबाई. हे मी स्वतः लिहिते आहे, अक्षर लावून वाच.

तुझं पत्र आलं ते ह्यांनी मला वाचून दाखवलं आणि मागचंही सगळं सांगितलं. तोवर मला काही माहीत नव्हतं. मला वाटलं होतं बुधवारी सगळे बांधावर पोती टाकायला गेले.

ह्यांनी आनेकलला निरोप धाडला. २३ तारखेला सकाळच्या बसने त्रिविक्रम आला. हे म्हणाले, “चल, चौकीवर जाऊ, मीही येतो.” त्रिविक्रम आधी हसला. मग सरळ आत गेला, पेटी उघडली, तुझी पत्रं काढली आणि चुलीत घातली. ह्यांनी चुलीत हात घालून ती बाहेर ओढली. दोघांची झटापट झाली, दूध सांडलं, निखारे घरभर झाले. मी “थांबा, थांबा” म्हणत होते. भिंतीला कापड कापायची मोठी कातर असते, आगीतून तेवढीच वाचली होती. ती त्याने डाव्या हाताने काढली आणि बापाच्या पोटात घातली.

मी वरवंटा उचलला आणि माझ्या पोराच्या डोक्यात मारला. एकदाच. तो खाली बसला. माझ्याकडे असं बघितलं, की अम्मा, तू? मग उठला आणि रक्ताने माखलेला धावत सुटला, पुलाच्या दिशेने. त्याला दिसत नसावं नीट. पुलापलीकडे वस्तीतले लोक होते, चिंचेजवळच्या दगडांतून काही सापडतं का बघत. त्यांनी त्याला ओळखलं. दगडांनी मारलं, त्याच भिंतीच्या दगडांनी. पोलीस येईपर्यंत मारत होते. मारणाऱ्यांत मुनियप्पाची बायको गौरम्मा पण होती. मी बघितलं. मी ओरडले नाही. का ते विचारू नकोस.

तो जिवंत आहे. एक डोळा गेला. इस्पितळातच बेडी घातली आहे, बरा झाला की खटला. हे वाचतील असं डॉक्टर म्हणतात. ह्यांनी खाटेवरूनच मॅजिस्ट्रेटसमोर सगळं सांगितलं, सहाही नावं दिली, अर्धी जळकी पत्रं दिली. गल्लीत आता आमच्याशी कोणी बोलत नाही. दारावर शेण मारलं आहे. ते मी पुसलेलं नाही.

आता ज्यासाठी लिहिते ते. परवा गौरम्मा माझ्या दारात आली. मला वाटलं मारायला आली. ती ओट्यावर बसली. म्हणाली, “अक्का, तुमचा इंजिनियर सगळं मोजतो म्हणे. भिंत फुटल्यापासून माझ्या दारात पाणी यायला किती वेळ लागला, एवढं त्याला विचाराल का?” ती त्या वेळी भट्टीवर कामाला होती. तिच्या दोघी मुली घरात होत्या, सात वर्षांची आणि चार वर्षांची. तिला एवढंच कळून घ्यायचं आहे, की भिंत पाडणाऱ्यांतल्या एखाद्याने खाली धावत जाऊन हाक मारली असती, तर मुली बाहेर पडल्या असत्या का.

तुला माहिती लागेल म्हणून मी आज तिच्याबरोबर तिकडे जाऊन आले. तिचं घर सगळ्यांत मागे होतं, कडुलिंबाजवळ. चिंचेपासून दोनशे चाळीस पावलं, मी चालून मोजली. उंबऱ्याचा दगड अजून आहे. खड्ड्याच्या तळापासून तो माझ्या छातीला लागतो. खड्ड्यांची लांबी-रुंदी दोरीने घेतली, दोरीचं एक टोक तिने धरलं. मागच्या पानावर लिहिली आहे.

मी तिला म्हटलं, कशाला विचारतेस, कळून काय करशील. ती म्हणाली, मला कळायला हवं. मी विचारते असं सांगितलं आहे. खोटं लिहू नकोस.

तुंगाबाई

पुणे,
१४ डिसेंबर १९६४

तुंगाबाई अक्कांना उपेंद्रचा नमस्कार.

तुम्ही घेतलेली मापं बरोबर आहेत. दोरीची, पावलांची, सगळी. ऑफिसच्या माणसांनी इतकी नीट घेतली नसती.

मी तीन वेगळ्या रीतींनी गणित केलं. भिंतीतून पाणी आलं ते आधी खड्ड्यांत उतरलं. खड्ड्यांत बांधलेल्या झोपड्यांना काही मिनिटंसुद्धा मिळाली नाहीत. पण खड्डे मोठे होते, भरायला वेळ लागला, आणि ते भरल्याशिवाय पाणी मागच्या उंबऱ्यावर चढू शकत नव्हतं. एका रीतीने साडेअकरा मिनिटं येतात, एकीने साडेबारा. बारा धरायला हरकत नाही.

चिंचेपासून तिथवर चिखलातून धावत जायला दोन मिनिटं. सात वर्षांच्या मुलीने धाकटीला कडेवर घेऊन भट्टीच्या उंचवट्यावर जायला तीन, घाबरली तरी चार.

हे पत्र गौरम्मांना वाचून दाखवू नका. कोर्टाचं समन्स माझ्या नावावर निघालं आहे, तारीख जानेवारीची आहे, पण मी तोवर थांबत नाही. गुरुवारच्या गाडीने निघतो. तुमच्या घरी उतरणार नाही, तुमच्या दारावर आधीच पुष्कळ आहे. स्टेशनवरून थेट त्यांच्याकडे जाईन. माझं कन्नड तोडकं आहे, तरी एवढं बोलता येतं. हन्नेरडु निमिष. बारा मिनिटं होती. हो, दोघी वाचल्या असत्या.

उपेंद्र